पार्वता वहिनीचा साखरेचा मोर

नवऱ्याला सांगितलं नाही. लेकीला सांगितलं नाही. दर चैत्रात महाकालीच्या पायावर डोकं ठेवलं, तेव्हासुद्धा हे एवढं वगळून बाकीची पापं सांगितली — आणि ती तरी कसली, शेजारणीशी भांडण, सुनेला टोमणा. देवीला काय कळत नसेल? पण तोंडानं बोललो नाही म्हणजे झालंच नाही, असं स्वतःला समजावण्यात माझा हात कुणी धरणार नाही. आता तुम्ही समोर बसलाच आहात, चहा झालाय, आणि गुडघ्यामुळे मला उठून पळताही येत नाही. तर ऐका. फक्त मध्येच "जाऊ द्या हो, लहान होतात" म्हणू नका. लहान नव्हते मी. सोळा पुरी झाली होती.

कुठून सुरू करू? साखरेपासून करते.

आमच्या घरी साखरेच्या गाठी होत. चांद्याला — तेव्हा चांदाच म्हणत, चंद्रपूर नाव नंतर आलं — होळी-पाडव्याला पोरांच्या गळ्यात ज्या गाठ्यांच्या माळा पडत, त्यातल्या कितीतरी आमच्या बाबांच्या हातच्या. सागवानाचे साचे पाण्यात भिजत घालायचे. दोन फळ्या जुळवून दोरीनं आवळायच्या, आत दोरा सोडायचा, वरून उकळता पाक. थोड्या वेळानं फळ्या उघडल्या की पांढरीशुभ्र माळ हातात. बाबांचा एक नियम होता. ओतायच्या दिवशी घरात निंबू नको. लिंबाला आम्ही निंबू म्हणतो. पाकात निंबूचे दोन थेंब पडले की साखर बांधत नाही. पाक दिसतो तसाच, घट्ट आणि चकचकीत, तारही धरतो. पण दगड होत नाही. चिकट तो चिकटच राहतो. म्हणून त्या दिवशी लोणच्याची बरणी शेजारी जायची, आणि कुणाच्या हाताला वास आला तर बाबा राखेनं हात घासून यायला लावायचे. हे मला बाराखडीच्या आधी माहीत होतं.

हे लक्षात ठेवा. मला माहीत होतं.

माझी आई मी नऊ वर्षांची असताना गेली. मग घरात बाबा, थोरला भाऊ आणि मी. दोन पुरुषांच्या घरात पोरीच्या केसांच्या जटा होतात, तशा माझ्या झाल्या होत्या. मी बारा वर्षांची असताना भाऊचं लग्न झालं आणि पार्वता वहिनी आली — वैनगंगेच्या पल्याडून, झाडीपट्टीतून. वय असेल अठरा. आल्या आल्या तिसऱ्या दिवशी मला दोन गुडघ्यांत दाबून बसवलं आणि म्हणाली, "अवं पोट्टी, हे डोस्कं हाय का चिमणीचं खोपं?" मी रडेपर्यंत विंचरलं. मग मोहाच्या बियांचं तेल चोळलं, त्याचा वास मला आधी घाण वाटला. नंतर त्या वासाशिवाय झोप येईनाशी झाली. बाबांना ती मामाजी म्हणायची. चार माणसांत मला कमलबाई म्हणायची, अहो-जाहो करायची. दोघीच असलो की कमू.

तिचा बाप शेती सांभाळून लाकूडकाम करायचा, चौकटी, बैलगाडीची चाकं. त्याला मुलगा नाही, लेकच मुलासारखी. त्यामुळे हिचा हातही लाकडात बसला होता. सासरी येताना लुगड्याच्या घडीत तिनं लाकूड कोरायची एक बारीक पटाशी आणली होती. बायकांनी पटाशी हातात धरायची म्हणजे? पण एकदा बाबांचा जुना साचा चिरला, आणि हिनं गुपचूप तसाच्या तसा नवा कोरून ठेवला. बाबांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि वापरायला घेतला. आमच्या बाबांच्या बाबतीत एवढं म्हणजे हत्तीवरून साखर वाटल्यासारखं होतं. मग दुपारच्या वेळी ती अंगणात बसून कोरायची, मी शेजारी बसून लाकडाचा कीस गोळा करायची आणि तोंडाची टकळी चालवायची. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या दुपारी एकीकडे आणि त्या एकीकडे. आजही सागवान तासल्याचा वास आला की मी रस्त्यात उभी राहते. लोकांना वाटतं म्हातारीला चक्कर आली.

तर — केक.

बल्लारशाला रेल्वेच्या वसाहतीत एक ख्रिस्ती ड्रायव्हर होते, त्यांची मुलगी रोझी. तिचं लग्न ठरलं मद्रासकडच्या मुलाशी. पोरगी जन्मल्यापासून बल्लारशाची, जंगल सोडून तिनं दुसरं काही पाहिलेलं नाही. तिनं हट्ट धरला की माझ्या लग्नाच्या केकवर माझं जंगल पाहिजे. मोर पाहिजे, वाघ पाहिजे, सागाची पानं, मोहाची फुलं. नागपूरच्या बेकरीतले म्हातारे फ्रान्सिसबाबा केक करणार होते. नागपूर तेव्हा राजधानी, तिथं काय मिळत नव्हतं? पण साखरेचा वाघ कोण ओतणार? विचारत विचारत ते चांद्याला आमच्या दारात आले. केक हा शब्द घरात कुणाला धड म्हणता येईना. बाबा "केप" म्हणायचे, शेवटपर्यंत.

वहिनीनं महिनाभर साचे कोरले. सागाच्या पानाला शिरा काढल्या, मोहाच्या फुलाचा फुगीर गोल साधला. वाघ जरा आमच्या मांजराच्या वळणावर गेला, त्यावर मी तिला खूप चिडवलं. पण मोर! मोर आणि लांडोर, माना एकमेकांकडे वळवलेल्या. मोराचा पिसारा इतका बारीक की बाबा म्हणाले, साखर ह्यात शिरायची नाही. शिरली. मागच्या फाल्गुनात वाळवून ठेवलेल्या पळसफुलांच्या पाण्यानं वाघ रंगवला, पालकाच्या रसानं पानं. फ्रान्सिसबाबांनी मोर हातावर घेतला आणि उजेडाकडे धरून सगळीकडून फिरवून पाहिला. मग भाऊला म्हणाले, "शादी में ये काम टिक गया, तो तुम दोनों नागपूर आ जाओ. रहने को कमरा दूँगा. ऐसा हाथ मेरे यहाँ किसी का नहीं."

ऐसा हाथ — म्हणजे वहिनीचा. भाऊचा नव्हे, बाबांचा नव्हे. एका बाईच्या हाताला कुणी दारात येऊन मागणं घालावं, हे आमच्या आळीत कधी झालं नव्हतं. वहिनी स्वयंपाकघरात आली, मला दोन्ही दंडांना धरून गरगर फिरवलं. "कमू, आमी नागपूरले जाऊन राह्यलो वं! माह्ये साचे तिथी दुकानात राह्यतीन!"

आमी. मी हसले. पण त्या आमीत मी नव्हते. बाबा आणि मी मागे राहणार होतो, त्या घरात, जिथं आई गेल्यावर तीन वर्षं मी भिंतींशी बोलले होते. मला ती हवी होती हो. दुसरं काही नाही. तिचे गुडघे, तिचं तेल, तिच्या शिव्या. एवढं माणूस हवं असणं हा काही गुन्हा नाही. पण पुढचं ऐका.

लग्नाच्या दिवशी आम्ही सगळे सकाळच्या गाडीनं बल्लारशाला गेलो. साखरेची चित्रं — मोर, वाघ, हरणं, पानं, फुलं — पत्र्याच्या पेटीत, मुरमुऱ्यांत पुरून. एक कानसुद्धा तुटला नाही. वसाहतीच्या हॉलात तीन मजली केक मांडलेला, पांढऱ्या साखरेच्या लेपाचा. फ्रान्सिसबाबांनी चित्रं कुठं लावायची ते दाखवलं आणि ते चर्चला गेले. चार वाजता केक कापायचा होता. बाबा आणि भाऊ बाहेर मंडळींत. आत आम्ही दोघीच.

चित्रं चिकटवायची ती पाकानंच. पाक गोळीबंद करायचा, बोटभर लावायचा, दाबून धरायचं. दहा अंक मोजेपर्यंत साखर साखरेला धरते, मग हातोडीनंच सुटेल. वहिनी स्टुलावर उभी राहून लावत होती, मागच्या पडवीत शेगडीवर मी पाक करून वाटीनं आणून देत होते. पहिला पाक मी नीट केला. शपथेवर सांगते, नीट केला. खालच्या मजल्याची सगळी पानं आणि फुलं त्या पाकानं लागली. आणि वहिनी लावता लावता बोलत होती — खोलीला म्हणे नळ आहे, दुकानाला काचेची कपाटं आहेत. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तू येत जाय वं दिवाळीले. चार दिस राह्यजो."

चार दिवस.

वाटी रिकामी झाली होती. मी दुसरा पाक करायला पडवीत गेले. शेगडीजवळ टेबलावर पाहुण्यांच्या सरबतासाठी निंबू कापून ठेवले होते, परातभर. बोलावणं धाडल्यासारखे. मी किती वेळ उभी होते? पाक उकळेपर्यंत. एवढा वेळ माणसाला पुष्कळ असतो. हात आवरायला, देवाचं नाव घ्यायला, निदान खोकला यायला. मला काहीही आलं नाही. मी अर्धं निंबू उचललं आणि पाकात पिळलं. बिया काढून टाकल्या. बघा, बिया काढण्याइतकी मी शुद्धीवर होते.

त्या पाकानं वाघ लागला. हरणं लागली. वरच्या मजल्यावर मोर आणि लांडोर लागली. वहिनी खाली उतरली, लांब जाऊन पाहिलं, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. दमली होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ह्याच हातानं.

चारपर्यंत सगळं जागेवर होतं. रोझी पांढऱ्या झग्यात आली, केकसमोर उभी राहिली आणि मोराकडे बघून तिचे डोळे भरले. सुरी हातात घेतली तेवढ्यात वाघ खाली सरकला. अगदी सावकाश, दमल्या माणसासारखा, आणि मागे पाकाचा ओघळ. कुणीतरी हसलं. मग एक हरीण गेलं, दुसरं गेलं. मग लांडोर कलंडली आणि मोराला घेऊनच पडली. टेबलाच्या कडेवर मोराची मान तुटली. रोझीच्या आईनं छातीवर क्रूस काढला. लग्नाच्या घडीला जोडी पडली, आणखी काय व्हायचं राहिलं? आणि खालची पानं मात्र दगडासारखी जागच्या जागी.

फ्रान्सिसबाबांनी एक पान बोटानं हलवून पाहिलं, मग मोराची मान उचलून रुमालात ठेवली. भाऊला म्हणाले, "नहीं बेटा. एक सरीखा हाथ नहीं है." एवढंच. ओरडले असते तरी चाललं असतं.

वहिनी गुडघ्यांवर बसून तुकडे गोळा करत होती. बोटाला पाक लागला होता. गाठ्यावाल्यांच्या घरात बोटाला पाक लागला की बोट तोंडात जातं, ती सवयच असते. तिनं बोट चाटलं, आणि थांबली. पुन्हा चाटलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिला समजायला जरा वेळ लागला. तिला समजताना मी पाहत होते.

बाबा दारातून आले, पाक दोन बोटांत धरून पाहिला. त्यांनी चाखला नाही. त्यांच्यासारख्याला बोटांनीच कळायचं. "पाक कोनं केला?"

मी दोन्ही हात मागे घेतले. आणि वहिनी खालूनच म्हणाली, "मीनं केला, मामाजी. कच्चा राह्यला."

मी बोलायला हवं होतं. तिथं, तेव्हाच. निंबू पिळलं ते एक, आणि गप्प बसले ते दुसरं. पहिल्याला हवं तर वेड म्हणा. दुसऱ्याला काय म्हणाल? मला भीती होती, खरं सांगते. वरोऱ्याची मंडळी मला दिवाळीनंतर पाहून गेली होती, बोलणी अर्धी झाली होती. भर हॉलात माझं नाव निघालं असतं तर ती फिसकटली असती. हा हिशेब मी तिथं उभ्या उभ्या केला. वहिनीनंही केला असेल काय? माझ्यासाठी? मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

भाऊ बायकोशी दोन महिने बोलला नाही. मग बल्लारपूरच्या कागद कारखान्यात लागला, सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा. बाबांनी वहिनीला पाकाला हात लावायची बंदी केली. "झाडीतली पोट्टी, डोक्यावर चढवली," असं आळीत बोलले, ते तिच्या कानावर आलं. पटाशी तिनं कुठं ठेवली, मला दिसली नाही पुन्हा.

आणि मी? सगळ्यांत लाजिरवाणं हेच आहे. मी सुखात होते. ती घरी होती ना. सकाळी उठले की चुलीपाशी ती दिसायची. केस विंचरायला मी आपली जाऊन तिच्यापुढे बसायची, आणि ती विंचरायची. हलक्या हातानं, कमलबाई म्हणून. दोघीच असलो तरी कमलबाई. कमू मी पुन्हा कधी ऐकलं नाही. तरी मी बसायचीच. गुडघे तेच होते, तेल तेच होतं. मी मनाला म्हणायची, बोलेल हळूहळू.

किती दिवस मिळाले मला, माहीत आहे? चार महिने. वैशाखात माझं लग्न झालं. मी, जिला ती जायला नको होती, मी गेले. हळदीच्या दिवशी अवकाळी पाऊस झोडपून गेला, मांडव भिजला, सरपण भिजलं, सगळ्यांची तारांबळ. मला काय, मी नवरी, पाटावर बसून होते. निघताना वहिनीनं ओटी भरली, कडोसरीला साखरेची गाठ लावली. "जा. मांगं पाहू नका," म्हणाली. मी पाहिलं नाही. नवा शालू होता, शेजारी नवरा होता, वरोऱ्याची गाडी सुटायची होती. त्या घरात आता ती होती, माझे म्हातारे बाबा होते, आणि संध्याकाळी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपणारा माझा भाऊ. माझ्या वाट्याची जागा मी तिला देऊन गेले होते.

तिला सांगितलं का, असं तुमच्या मनात आलं असेल. तिला कसलं सांगायचं, तिला पहिल्या बोटापासून ठाऊक होतं. कबूल तेवढं करायचं होतं. त्यानंतर ती तीसेक वर्षं जगली. दर दिवाळीला मी माहेरी जायची आणि चार दिवस राहायची. हो, चारच. दर वेळी गाडीत वाक्य जुळवायची, आणि दर वेळी ते तसंच परत घेऊन यायची. आता तीही नाही, बाबा नाहीत, भाऊही नाही. आता सांगायला काय लागतं? आता कुणीही सांगेल.

एक राहिलं. लग्नानंतरची पहिली दिवाळी होती. वहिनी अंगणात पोहे पाखडत होती. मी थोडं इकडचं-तिकडचं बोलले आणि उगीच विचारल्यासारखं विचारलं, वहिनी, तुझे साचे कुठं आहेत गं, मोराचा तरी मला दे. मला वाटलं होतं, ती साचा देईल, मी तो छातीशी धरून रडेन, आणि मग तोंडातून आपोआप निघेल.

तिनं सूप थांबवलं नाही. "तुमच्या हळदीले सरपण वलं झालं होतं ना, कमलबाई. घरात कोरडं लाकूड तेवढंच होतं." मग कोंडा फुंकला आणि म्हणाली, "सागवान मस्त जळते."

हळदीच्या आंघोळीचं ते पाणी मला आठवतं. कडकडीत होतं. पावसानं गारठा पडला होता, अंगावर घेताना इतकं बरं वाटलं, की मी आणखी एक बादली मागितली. वहिनीनं आणून दिली.